अलोइस झौबेकचा बाक

अलोइस झौबेक देव मानत नसे, पण रविवारच्या दहाच्या प्रार्थनेला तो कधी उशिरा आला नाही. संत वाक्लाव्हच्या चर्चच्या पायऱ्यांशी, तुतीच्या झाडाखाली, त्यानं स्वतःच्या हातानं केलेला एक बाक होता. बायकोला, फिलोमेनाला, दारापर्यंत सोडायचं, तिच्या हातातली छत्री घ्यायची आणि बाकावर बसून पाइप ओढायचा. आत ऑर्गन सुरू झाला की पाइप विझवायचा, थांबला की पेटवायचा.

"देवाला धुराचा त्रास नको," असं तो म्हणे. "आपल्याला देव नाही असं वाटतं म्हणून काय झालं? शेजारधर्म आहे की नाही?"

आमच्या ल्होता गावात तेव्हा दोनच प्रकारची माणसं होती, चर्चवाले आणि लॉजवाले. दोघेही चेक, दोघांचेही आजोबा एकाच बोटीनं नेब्रास्कात आलेले, दोघांच्या घरी खसखस भरलेले तेच गोड पाव, कोलाचे. पण चर्चवाले टेकडीवर गुडघे टेकायचे आणि लॉजवाले रुळांपलीकडच्या आपल्या सभागृहात बिअर पीत, धर्मगुरूशिवाय माणूस किती चांगला राहू शकतो यावर भाषणं ऐकायचे. दोघांच्या दफनभूम्याही वेगळ्या, मध्ये रस्ता. मेल्यावरसुद्धा बोलणं नको!

फिलोमेना माझ्याच कॉन्व्हेंटातली, माझ्या पुढच्या बाकावर बसणारी. तिनं लॉजवाल्या, जोडे शिवणाऱ्या अलोइसशी लग्न ठरवलं तेव्हा सिस्टर लिओकाडियांनी तिच्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना धरली. लग्न पाचव्या दिवशी उरकलं. उरलेले चार दिवस सिस्टरांनी कशासाठी प्रार्थना केली हे मला ठाऊक नाही, पण संसार मात्र सुखाचा झाला. ती त्याला सुधारायला गेली नाही, तो तिला अडवायला गेला नाही. भांडण झालंच तर कोलाच्यात खसखस जास्त की जर्दाळू जास्त यावरून.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी फिलोमेना गेली. तेव्हाचे आमचे फादर श्कार्दा फार थकलेले आणि फार मायाळू होते. ते अलोइसला म्हणाले, "दोघांचा मिळून एकच दगड कर रे. स्वस्त पडतो." आमच्याकडे तशी रीतच आहे. मागे राहिलेल्याचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरून ठेवतात, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. तसा दगड बसला. एका बाजूला फिलोमेना, पूर्ण. दुसऱ्या बाजूला अलोइस, १८८४, रेघ.

मग फादर श्कार्दाही गेले आणि त्यांच्या जागी फादर हिनेक आले. तरुण, लांब मानेचे, नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारे. आल्याच्या आठवड्यात त्यांनी दफनभूमीत फेरी मारली, दगड पाहिला आणि सांगून टाकलं, "ज्यानं चर्चला पाठ फिरवली त्याला या जमिनीत जागा नाही."

म्हणजे दगडावर नाव, पण दगडाखाली जायला बंदी. अलोइसनं ते निमूट ऐकून घेतलं. रोज संध्याकाळी मात्र तो आपल्या नावावरचं शेवाळ पुसायला जाई. परत येताना आमच्या मागच्या दारी टेकायचा. मी सूप पुढे करायची.

"मला दुसरं काही नको, वहिनी," तो एकदा म्हणाला. "पत्ता लिहून झालाय. पाकीट तेवढं पोचायला हवं."

असा हा माणूस आमच्या नगर परिषदेवरही होता, कारण तो कुणाच्याच डोळ्यांत सलत नसे. परिषदेत पाच जण. दोन चर्चवाले, म्हणजे आमचे हे, मेथुड बार्ताक, ज्यांचं मांसाचं दुकान होतं, आणि गिरणीवाला कासाल. दोन लॉजवाले, म्हणजे न्हावी दुदा आणि लॉजचा अध्यक्ष वेंदेलिन मेलिचार. परिषदेचा अध्यक्षही मेलिचारच. आणि पाचवा, दोन्हींच्या मधला अलोइस.

मतं आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं घ्यायची पद्धत होती. कारकून हाम्सा बी पासून सुरुवात करायचा आणि झेडला थांबायचा. आमचे हे बार्ताक, त्यामुळे पहिलं मत यांचं, तेही छातीवर हात मारून. पहिल्याला काय, कितीही मोठ्यानं बोललं तरी त्याच्या बोलण्यावर काही अडत नाही. आणि झौबेकची वेळ येईपर्यंत निकाल लागलेला असायचा. तो नेहमी जिकडे जास्त तिकडे मत द्यायचा. कारण विचारलं तर म्हणे, "जिंकणाऱ्यांना एकटं वाटायला नको." खरं वाकडं येण्यासारखं काही असलंच तर ते आधीच पत्त्यांच्या डावावर, बिअरच्या साक्षीनं मिटवलेलं असे. भटकी कुत्री, गटारं, बँडवाल्यांचे गणवेश, सगळं असंच पार पडलं.

मग गॅस आला. म्हणजे गॅस नाही, गॅसचे एजंट आले.

तोवर आम्ही सगळ्या जणी चुलीत दाणे काढून उरलेली मक्याची बुरकुंडं जाळत होतो. दिवसभर टोपल्या उचला, राख काढा, पुन्हा टोपल्या. आता जमिनीखालून पाइपनं गॅस येणार आणि काडी ओढली की झालं, असं ऐकून अर्ध्या बायका आनंदानं रडल्या आणि अर्ध्या घर उडेल म्हणून रडल्या. पण कंपन्या होत्या दोन, आणि तीस वर्षांचा ठेका एकीलाच मिळणार होता.

पहिल्या कंपनीचा एजंट मिस्टर क्रँडल. त्यानं चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराला एक पांढरी शुभ्र शेगडी भेट दिली, वर गॅसचं सिलिंडरही दिलं. दुसऱ्या कंपनीचा मिस्टर टटल. त्यानं तशीच एक हिरवी शेगडी लॉजला दिली. झालं! त्या दिवसापासून गावात कंपन्यांची नावं कुणी घेतलीच नाहीत. पांढरी आणि हिरवी.

चर्चच्या बायकांनी पांढऱ्या शेगडीवर बदक भाजून जेवण घातलं. पुढच्याच आठवड्यात लॉजच्या बायकांनी हिरवीवर दोन बदकं भाजली. आमच्या दुकानात लॉजची म्हातारी तेक्ला यायची, ती मला म्हणाली, "तुमची पांढरी लवकर मळते हो."

मी म्हटलं, "तुमच्या हिरवीवर मळलेलं दिसत नाही एवढंच."

सॉसेजचं पुडकं घेऊन ती तरातरा गेली आणि महिनाभर शेजारच्या गावातून मांस आणत राहिली. आमच्या ह्यांनी मला त्यावरून चार शब्द सुनावले आणि त्याच दमात गल्ल्यावर बसून "पांढरी! पांढरीच!" म्हणून ओरडत राहिले.

दोन विरुद्ध दोन. हे कळायला गणिताची गरज नव्हती. गावभरच्या नजरा जाऊन टेकल्या त्या तुतीच्या झाडाखालच्या बाकावर.

आधी फादरांची घरकामवाली आगाता जोडा शिवायला म्हणून अलोइसकडे गेली. जोडा चांगला होता. "फादर काही बोलले नाहीत हं," ती म्हणाली, "पण पांढरी आली तर त्यांचं मन जरा मोकळं होईल असं मला वाटतं. मग त्या दगडाचं बघता येईल."

मग अलोइसला लाडानं लोइझा म्हणणारा मेलिचार गेला. "लोइझा, लॉजवाल्याच्या अंत्ययात्रेला लॉजचा बँड असतो. पण तो आपल्या दफनभूमीत वाजतो. आणि हिरवीला मत न देणाऱ्यासाठी तो कुठेच वाजणार नाही."

त्या संध्याकाळी अलोइस आमच्या मागच्या दारी आला तो सूपही घेईना.

"वहिनी, या वयात आडनाव बदलता येतं का हो?"

"कशासाठी?"

"आब्राहाम वगैरे काही घ्यावं म्हणतो. पहिलं मत देऊन घरी जाता येईल."

आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "झौबेक, मर्द हो आणि पांढरी म्हण! एक शब्द बोलायला एवढं काय जड आहे? मला बघ, मी कधी मागेपुढे पाहिलंय?"

अलोइसनं आत नजर टाकली आणि थोडा वेळ तो ह्यांच्याकडे बघतच राहिला. जोड्याचं माप घेताना पायाकडे बघायचा तसा. मग म्हणाला, "द्या वहिनी ते सूप."

बैठक बंबखान्यात भरली. आगीचा बंब बाहेर काढून आत बाकडी मांडली होती. एका बाजूला चर्च, एका बाजूला लॉज, मध्ये लग्नात सोडतात तशी वाट. फादर हिनेक दुसऱ्या रांगेत बसले होते. लॉजचा बँड दाराबाहेर वाद्यं पुसत उभा होता, कारण मेलिचारनं जिंकायचं ठरवूनच त्यांना बोलावलं होतं.

चर्चा म्हणाल तर पुष्कळ झाली. न्हावी दुदानं विचारलं, "गॅसला रंग नाही, वास नाही, दिसत नाही, आणि त्याचे पैसे द्यायचे. हे आम्ही कुठेतरी आधी ऐकलंय असं वाटतं, फादर."

लॉजवाले हसले. चर्चवाल्यांतून कुणीतरी "निर्लज्जा!" म्हणून ओरडलं.

टटल घाईघाईनं म्हणाला, "वास आम्ही मुद्दाम घालतो. गळती कळावी म्हणून."

"म्हणजे वासाचे वेगळे पैसे?"

गिरणीवाला कासाल म्हणाला की हिरव्या शेगडीवर लॉजवाल्यांचं बदक करपलं होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. लॉजच्या बाजूनं तेक्ला उठून उभी राहिली आणि म्हणाली की ते करपलेलं नव्हतं, खमंग होतं, आणि ज्यांनी तीनदा वाढून घेतलं त्यांनी बोलू नये. कासाल खाली बसला. असा तासभर बदकांचा हिशेब चालला. तीस वर्षं गॅस कोण देणार यावर एक अक्षर नाही.

शेवटी मेलिचारनं हातोडा आपटला. "मतदान."

हाम्सानं लेखणी उचलली, आणि अलोइस उभा राहिला. त्याला बैठकीत उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"माझी एक विनंती आहे," तो म्हणाला. "आज नावं शेवटून घ्यावीत."

"हा काय खेळ काढलास, लोइझा?" मेलिचार म्हणाला.

"खेळ नाही. शाळेत दूध शेवटी मिळालं, सैन्यात बूट शेवटी मिळाले, तेही दोन्ही डाव्या पायाचे. इथं मत शेवटी. पासष्टी आली. एकदा पहिलं व्हावं असं वाटतं."

बायकांनी रुमाल काढले. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल तर आमचे हे! "द्या हो, द्या! बिचाऱ्याला एकदा पहिलं होऊ द्या! माझं अनुमोदन!"

मी मागच्या रांगेत होते. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"झौबेक," हाम्सानं पुकारलं.

"पांढरी," अलोइस म्हणाला. चर्चची बाजू उसळली. त्यानं हात वर केला. "थांबा. का ते पण लिहून घे, हाम्सा. पांढरी चांगली की हिरवी, मला कळत नाही. मला दोन्ही शेगड्या सारख्याच दिसतात. पण मला फिलोमेनाशेजारी जागा हवी आहे, म्हणून पांढरी."

आणि तो खाली बसला. फादर हिनेक आधी लाल झाले, मग शेगडीसारखे पांढरे.

"मेलिचार."

"हिरवी."

"कासाल."

"पांढरी." पण हळू.

"दुदा."

"हिरवी."

दोन विरुद्ध दोन. हाम्सानं मान वर केली. "बार्ताक."

आमचे हे जन्मभर पहिले बोलत आले होते. आता सगळं गाव ह्यांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि त्या तोंडाला बोलायचं कसं तेच आठवेना. हिरवी म्हणावं तर रविवारी टेकडी चढायची सोय नाही. पांढरी म्हणावं तर निम्मं गाव शेजारच्या गावातून सॉसेज आणणार, आणि वर तीस वर्षांचा ठेका एका थडग्यापायी दिला हा शिक्का कायमचा बार्ताकांवर. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातमोज्याचं बटण लावू लागले.

गिऱ्हाइकासमोर अडचण झाली की ह्यांची एक सवय होती. काहीतरी विचारायचं. पुढचा तुकडा की मागचा, हाड ठेवू की काढू. तसंच ह्यांनी घाम पुसत विचारलं, "पाइप... पाइप कुठून कुठे जाणार म्हणालात?"

कुणी काही म्हणालंच नव्हतं. उन्हाळाभर कुणी विचारलंच नव्हतं.

क्रँडल घसा खाकरून म्हणाला, "आमचा दक्षिणेकडून. रेल्वेच्या कडेनं, लॉजच्या सभागृहापर्यंत."

"आणि टेकडीवर?"

"टेकडी दुसऱ्या टप्प्यात."

"दुसरा टप्पा कधी?"

"पहिला नीट चालला की विचार करू."

आमच्या ह्यांचे डोळे बारीक झाले. ते टटलकडे वळले. टटल तरुण होता, आणि खरं बोलायची सवय अजून मोडलेली नव्हती. "आमचा उत्तरेकडून," तो म्हणाला. "दोन दफनभूम्यांमधल्या रस्त्यानं, चर्चच्या पायऱ्यांवरून, खाली बाजारात. रुळांपर्यंत. रूळ ओलांडायला रेल्वेची परवानगी लागते, ती काही इतक्यात..."

"म्हणजे लॉजला गॅस नाही?" मेलिचार ओरडला.

"पुढेमागे."

"मग शेगडी लॉजला कशाला दिली?"

टटलनं क्रँडलकडे पाहिलं. क्रँडलनं छताकडे. "चर्चला तर गॅस मिळणारच होता," टटल म्हणाला, "म्हणजे ते आमचेच. ज्यांना मिळणार नव्हता त्यांचं मन वळवायला शेगडी. यांनीही तेच केलं."

मग लॉजच्या बाजूनं गलका उठला, "पांढरी! पांढरी!" आणि चर्चच्या बाजूनं, "हिरवी!" तेक्ला आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी एकदमच तोंड फिरवलं.

"मी माझं मत परत घेतो!" मेलिचार म्हणाला.

"शाईनं लिहिलंय," हाम्सा म्हणाला.

"हिरवी!" आमचे हे गरजले. छातीवर हात मारून.

बाहेरच्या बँडला 'हिरवी' एवढंच ऐकू गेलं. त्यांना तेव्हाच वाजवायला सांगितलेलं होतं. त्यांनी विजयाची पोल्का सुरू केली आणि मेलिचारनं बाहेर जाऊन हातोडा दाखवेपर्यंत ती थांबली नाही. लॉज जिंकलं होतं आणि बुरकुंडं जाळत राहणार होतं. चर्च हरलं होतं आणि त्याला गॅस येणार होता. आमच्या ह्यांना त्या दिवशी दोन्ही बाजूंनी बिअर पाजली. चर्चवाल्यांनी गॅस आणला म्हणून, लॉजवाल्यांनी हिरवीला मत दिलं म्हणून, कारण दुसरं काय करणार?

अलोइस मात्र जन्मात पहिल्यांदा हरणाऱ्यांत होता. आणि फादर हिनेक भडकले होते ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बाकावर गाठलं. "मी काय थडगी विकतो? सगळ्या गावासमोर!"

"नाही विकत, फादर," अलोइस म्हणाला. "म्हणून तर मोठ्यानं बोललो. कानात बोललो असतो तर विक्री झाली असती."

फादरांनी दार लावून घेतलं. दगडाचा विषय संपला असंच आम्ही सगळे समजलो. अलोइससुद्धा. शेवाळ पुसायला मात्र जात राहिला.

शरद संपता संपता पाइप आला. टटलच्या माणसांनी चर्चसाठी झडपेची लोखंडी पेटी बसवली, आणि तिला नेमकी जागा सापडली ती तुतीच्या झाडाखाली. बाक उचलून कुणी कुठे नेला ते कळलं नाही. पुढच्या वर्षी मला तो लॉजच्या अंगणात दिसला, तेक्ला त्यावर बसून मटार सोलत होती.

पेटी बसली त्याच्या पुढच्या रविवारी अलोइस आला, पेटीकडे पाहिलं, आणि दाराशी उभा राहिला. ऑर्गन ऐकू यावा म्हणून दार बोटभर उघडं ठेवलं. नेब्रास्कातला डिसेंबर, आणि त्या फटीतून वारा थेट फादरांच्या मानेवर. एक रविवार त्यांनी सोसलं, दोन सोसले. तिसऱ्या रविवारी प्रवचन मध्येच तोडून ते ओरडले, "झौबेक! एक तर आत व्हा नाहीतर बाहेर! मी काय सगळं नेब्रास्का तापवायला गॅस घेतलाय?"

अलोइसनं टोपी काढली आणि आत आला. अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसला. त्याला दुसरी जागा सुचलीच नसती.

बाहेर पडताना मी म्हटलं, "काय हो, आत?"

"उबेसाठी, वहिनी," तो म्हणाला.

हिवाळा सरला, गॅस बंद झाला, तुतीला पानं फुटली. अलोइस येतच राहिला. मे महिन्यात फादर त्याच्याजवळ थांबले. "आता कसली ऊब, झौबेक?"

"भिंतीत राहते, फादर," अलोइस म्हणाला. "बराच काळ."

फादर पुढे चालू लागले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. अलोइस प्रार्थनेचे शब्द म्हणायचा की नाही, मला सांगता येणार नाही. पाइप खिशात असायचा, विझलेला.

अशी बरीच वर्षं गेली. एका फेब्रुवारीत आपल्या जोड्यांच्या दुकानात, मांडीवर कुणाचा तरी जोडा असताना, अलोइस गेला. लॉजवाले आपल्या दफनभूमीत खड्डा खणायला निघाले होते. फादर हिनेक आमच्याकडे आले, कारण आमचे हे तेव्हा चर्चच्या समितीवर होते. नियमांचं पुस्तक सोबत आणलं होतं. टेबलावर ठेवून त्यांनी त्यावर हात ठेवला, उघडलं नाही.

"यात लिहिलंय की ज्यानं चर्चला पाठ फिरवली त्याला जागा नाही," ते म्हणाले. "झौबेक शेवटच्या रांगेत बसायचा. त्याची पाठ भिंतीला होती. चर्चकडे नव्हती. असं मला दिसतं. तुम्हाला काय दिसतं, बार्ताक?"

"भिंतीला," आमचे हे म्हणाले. या वेळी पटकन.

दगडावरची मोकळी जागा भरली.

लॉजचा बँड आला. आपल्या दफनभूमीतच वाजवायचं हा त्यांचा नियम, पण मेलिचार म्हणाला, "रस्ता कुणाचाच नाही, रस्त्यावर वाजवू." चर्चमधली प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी बाहेर, पायऱ्यांशी उभं राहायचं असं ठरलं. थंडी अशी होती की तुतारीवाल्याचा ओठ पितळेला चिकटला. मधल्या एका स्तोत्रात दार किरकिरलं. वाऱ्याचा झोत आत आला. फादरांनी मान वर करून पाहिलं.

"दार लावा!" ते म्हणाले.

दार लागलं. वाद्यं पोटाशी धरून अख्खा बँड आतल्या बाजूला, शेवटच्या रांगेत ओळीनं बसला. मेलिचार अलोइसच्या जागेवर, भिंतीला टेकून. जन्मात पहिल्यांदाच चर्चमध्ये.

बाहेर येताना मी त्याच्याकडे पाहिलं तर त्यानं मला बोलूच दिलं नाही.

"उबेसाठी, बार्ताकबाई," तो म्हणाला. "फक्त उबेसाठी."